खंजिरीची सोबत : कर्करुग्णांसाठी गावाचे गाणे

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात जाम या गावी पोहोचला की तेथे त्याला वरोरा-चंद्रपूरचा रस्ता फुटतो. जामच्या या चौरस्त्यावर दिवसरात्र वाहनांची वर्दळ असते. कापूस आणि सोयाबीनच्या गाड्या येथून जातात, एसटीची वाट पाहणारे उतारू येथे ताटकळतात, आणि त्या उतारूंमध्ये तपासणीच्या कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेला एखादा कर्करोगाचा रुग्णही असतो. त्याच्यासोबत बहुधा एकच माणूस असतो. गावातील इतर माणसे त्याच्या आजाराविषयी हलक्या आवाजात बोलतात. त्याच्याशी मात्र बोलत नाहीत.

ही शांतता हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कर्करोगावरील उपचार रुग्णालयात होतात. परंतु रुग्णाच्या आयुष्याचे बहुतेक दिवस गावातच जातात. त्या दिवसांत त्याला सोबत कोण देणार, हा प्रश्न वैद्यकाइतकाच ग्रामसंघटनेचाही आहे. या आजारातून बरे झालेल्या व्यक्तींनी इतर रुग्णांना गाण्याच्या द्वारे आधार देण्याचे प्रयत्न जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. ज्या विदर्भात जवळजवळ प्रत्येक गावात भजन मंडळ आहे, तेथे हे कार्य कोणत्या रीतीने करता येईल, त्याचा खरा उपयोग किती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी करणे अगत्याचे आहे.

खंजिरी आणि रुग्णालय

जामहून नागपूरला गेलेल्या रुग्णास ज्या रुग्णालयांत पाठविले जाते, त्यांपैकी एकाचे नाव राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असे आहे. ज्यांनी आयुष्यभर खंजिरीवर भजने गायिली, त्यांचे नाव कर्करोगाच्या रुग्णालयास दिलेले पाहून नवख्या माणसास आश्चर्य वाटेल. विदर्भातील जुन्या माणसांना मात्र त्यातील संगती ठाऊक आहे.

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. १९३६ साली ते सेवाग्राम परिसरात महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. त्या वेळी त्या गावाचे नाव शेगाव असे होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांना कारावास घडला. मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे सामुदायिक प्रार्थनेची प्रथा गावोगावी रुजविली. त्यांच्या ‘ग्रामगीते’त ग्राम-आरोग्यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि अंधश्रद्धेचा त्याग या गोष्टी त्यांनी भजनाच्या चालीवर शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोहोचविल्या.

ज्यांनी आपल्या गाण्याने सहस्रावधी माणसांना एकत्र बसविले, त्यांनाच अखेरीस कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज येथे त्यांचे देहावसान झाले. प्रतिवर्षी पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीस जमलेला अफाट जनसमुदाय मौन पाळून त्यांना श्रद्धांजली वाहतो. एरवी भजनाने दुमदुमणारा तो परिसर त्या क्षणी निःशब्द होतो.

या घटनेतून आपल्या विषयाचा पहिला पाठ मिळतो. भजनाने कर्करोग बरा होत असता, तर तो महाराजांचा प्रथम बरा झाला असता. गाण्यात रोग हटविण्याची शक्ती नाही. ती शस्त्रक्रियेत, किरणोपचारात आणि औषधांत आहे, आणि तीही रोग वेळेवर ओळखला गेला तरच पुरती उपयोगी पडते. गाण्याची शक्ती वेगळ्या प्रकारची आहे. एकटे पडलेल्या माणसास ते पुन्हा चारचौघांत बसविते. रुग्णालय आणि खंजिरी यांची नावे एकत्र आली, ती या दोन वेगळ्या कामांची आठवण म्हणून आपण ध्यानात ठेवावी. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

रुग्ण एकटा का पडतो?

कर्करोग हा संसर्गजन्य आजार नाही. रुग्णाच्या स्पर्शाने, त्याच्या ताटात जेवल्याने अथवा त्याच्या शेजारी बसल्याने तो जडत नाही. तरीही अनेक घरांत रुग्णाची भांडी निराळी ठेवली जातात. घरातील विवाह लांबणीवर पडेल या भीतीने आजार लपविला जातो. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा बदललेला मनुष्य बाजारात जाणे सोडतो. स्तनाची शस्त्रक्रिया झालेली स्त्री हळदीकुंकवास जाणे टाळते. केस गेलेली मुलगी शाळेत येत नाही.

वर्धा जिल्ह्यास या बाबतीत एक थोर परंपरा आहे. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री सेवाग्राम आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांची व्यवस्था आपल्या कुटीजवळ केली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगास मालिश केली. कुष्ठरोगाची धास्ती त्या काळी आजच्या कर्करोगाच्या धास्तीहून कितीतरी मोठी होती. रोग्याजवळ बसणे हीच एक शुश्रूषा आहे, हे त्या आश्रमाने कृतीने दाखविले.

जामहून चंद्रपूरचा रस्ता धरला की वाटेत वरोरा लागते. तेथील आनंदवनाने हा विचार पुढे नेला. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली, आणि कुष्ठमुक्त व्यक्तींनी आपल्या श्रमातून तेथे शेती, उद्योग आणि वसाहत उभी केली. पुढे डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने तेथे ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद सिद्ध झाला. कुष्ठमुक्त, अंध आणि अपंग कलाकार त्यात गातात, वाजवितात आणि नाचतात. प्रेक्षक प्रथम त्यांच्या व्यंगाकडे पाहतो, परंतु थोड्याच वेळात त्याचे लक्ष गाण्याकडे वळते. ज्या हातांना समाजाने एकेकाळी दूर लोटले, त्याच हातांच्या तालावर सभागृह टाळ्या वाजवू लागते. स्वतः बाबा आमटे यांनाही अखेरच्या काळात रक्ताच्या कर्करोगाने गाठले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले.

आनंदवनातील कलाकार कर्करोगाचे रुग्ण नव्हेत. तथापि त्यांच्या वाद्यवृंदातून मिळणारा पाठ कर्करुग्णांनाही लागू पडतो. आजारातून उठलेला माणूस दयेचा विषय म्हणून समोर आला तर पाहणारा हळहळतो आणि निघून जातो. तोच माणूस गायक म्हणून समोर आला तर पाहणारा थांबतो, आणि त्याच आजाराने खचलेल्या दुसऱ्या रुग्णास वाटते की आपल्यालाही पुढे काही आयुष्य आहे.

रोगातून उठलेल्याचा शब्द

डॉक्टर रुग्णास रोगाची माहिती देऊ शकतात. परंतु किरणोपचाराच्या तिसऱ्या आठवड्यात पेजेचा घोट गिळतानाही जी आग होते, ती कशी सोसावी हे ज्याने सोसले तोच सांगू शकतो. या साध्या सत्यावर जगभरात अनेक स्वयंसेवी चळवळी उभ्या राहिल्या. अमेरिकेत टेरेसे लॅसर या स्त्रीवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पुढील आयुष्याविषयी सांगणारे तिला कोणी भेटले नाही. १९५२ साली तिने अशा स्त्रियांना भेटण्याचे कार्य आरंभिले, आणि शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीनेच नव्या रुग्ण स्त्रीस भेटावे ही पद्धती तेथून अनेक देशांत पसरली.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात या सोबतीस गाण्याची जोड मिळाली. टेनोव्हस या कर्करोगविषयक संस्थेने २०१० पासून तेथे समूहगायनाची पथके उभारली. त्यांत रुग्ण, बरे झालेले लोक, शुश्रूषा करणारे नातेवाईक आणि ज्यांचा आप्त या रोगाने गेला असे लोक एकत्र गातात. गाणे येत असलेच पाहिजे अशी अट तेथे नाही.

याहून विलक्षण उदाहरण लंडनचे आहे. स्वरयंत्राचा कर्करोग वाढल्यास काही रुग्णांचे संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकावे लागते. त्यानंतर श्वास गळ्यावरील छिद्रातून घ्यावा लागतो, आणि अन्ननलिकेच्या साहाय्याने किंवा बसविलेल्या झडपेच्या मदतीने बोलणे नव्याने शिकावे लागते. अशा व्यक्तींचे गायनपथक डॉ. थॉमस मूर्स यांनी २०१५ साली ‘शाउट ॲट कॅन्सर’ या संस्थेच्या रूपाने उभे केले. स्वरयंत्र नसलेली माणसे व्यासपीठावर उभी राहून गातात. त्यांचा आवाज खरखरीत असतो, परंतु गाण्याच्या सरावाने श्वासावर आणि बोलण्यावर येणारा ताबा त्यांना नित्याच्या व्यवहारात उपयोगी पडतो. विदर्भात तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचे प्रमाण पाहता हे उदाहरण आपणास विशेष बोधप्रद आहे. ज्याचा गळा गेला त्याच्या हाती टाळ देता येतो, खंजिरी देता येते. स्वर हरपला तरी ताल राहतो.

संशोधन काय सांगते?

कर्करुग्ण आणि संगीत या विषयावर देशोदेशी झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यात ८१ चाचण्या आणि ५,५७६ रुग्ण यांचा समावेश होता. संगीतामुळे प्रौढ रुग्णांची चिंता, वेदना आणि थकवा कमी होण्यास मदत होते, तसेच आशेची भावना वाढू शकते, असा त्या आढाव्याचा सूर आहे. मात्र त्याच आढाव्याने सावधगिरीही सुचविली आहे. गोळीच्या चाचणीत खरी गोळी कोणास दिली आणि खोटी कोणास, हे रुग्णापासून लपविता येते. गाणे ऐकणाऱ्यापासून ते लपविता येत नाही. त्यामुळे अशा प्रयोगांच्या निष्कर्षांवर काही मर्यादा पडतात.

वेल्समधील पाच गायनपथकांतील १९३ व्यक्तींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एक तास समूहगायन केल्यानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण घटले आणि मनःस्थिती सुधारली, असे त्यात आढळले. हा परिणाम एका बैठकीपुरता मोजलेला होता. त्यावरून गाणाऱ्याचे आयुष्य वाढते किंवा गाठ लहान होते असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

गाण्याचा हा परिणाम का होत असावा, याची कारणे सामान्य अनुभवातूनही समजतात. गाताना श्वास सावकाश आणि दीर्घ सोडावा लागतो. त्याने शरीर शांत होते. ओळ आठवण्यात आणि ताल सांभाळण्यात मन गुंतते. तेवढा वेळ ते दुखण्यापासून दूर राहते. परिचित गाण्याबरोबर आजारापूर्वीचे आयुष्य आठवते. आणि समूहात गाताना सर्वांचा श्वास एका लयीत चालतो, तेव्हा रुग्ण हा रुग्ण न राहता त्या मेळ्यातील एक गळा होतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रशिक्षित व्यक्तीकडून रुग्णाच्या प्रकृतीनुसार योजिलेली संगीतोपचार पद्धती हे एक शास्त्र आहे. गावातील भजन मंडळाने जे करावयाचे, त्यास उपचार म्हणू नये. ती सोबत आहे. अमुक राग ऐकल्याने अमुक रोग जातो, अशा जाहिराती करणाऱ्यांपासून रुग्णाच्या कुटुंबास सावध करणे हेही याच कार्याचे अंग आहे.

आधी पुडी, मग पेटी

या कार्याचा आरंभ भजन मंडळाने स्वतःपासून करावा लागेल. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात घरोघरी पोहोचला आहे. भजनाच्या बैठकीत दोन पदांच्या मधल्या वेळेत तो हातोहात फिरतो, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. तंबाखू कर्करोगकारक आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला. सुपारीने तोंडातील अस्तर ताठर होत जाते, तोंड पुरते उघडेनासे होते, आणि ही अवस्था पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा थांबविण्यासाठी कायद्याला लोकमताची जोड हवी.

ज्या मंडळास कर्करुग्णाच्या घरी जावयाचे आहे, त्याने प्रथम आपली बैठक खर्रामुक्त करावी. तोंडाच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसासमोर गाणाऱ्याच्या गालात खर्रा असेल, तर त्या गाण्यास काय अर्थ राहिला? उलट, तोच बरा झालेला माणूस मंडळात टाळ घेऊन बसला, तर एकही व्याख्यान न देता तो जेवढे सांगेल तेवढे भिंतीवरील फलक सांगू शकणार नाही.

लक्षणांची ओळख हा या मंडळांचा दुसरा उपयोग होय. प्रत्येक भजनानंतर दोन मिनिटे पुढील गोष्टी सांगता येतील : तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडण्यास होणारा अडथळा, दीर्घकाळ बसलेला आवाज, गिळण्यास त्रास, स्तनातील गाठ, पाळी बंद झाल्यानंतर किंवा शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव. यांपैकी काही आढळल्यास आशा स्वयंसेविकेमार्फत आरोग्य केंद्र गाठावे. तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करणे हा शासकीय आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. हे सर्व रोग प्रारंभीच्या अवस्थेत हाती लागल्यास बरे होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते.

गावात कार्य कसे उभारावे?

ग्रामसभेत ठराव करून मोठा समारंभ करण्याची येथे आवश्यकता नाही. चार-सहा समंजस माणसे पुरेशी आहेत. त्यांत कर्करोगातून बरी झालेली एखादी व्यक्ती असावी, एखादी शुश्रूषा केलेली स्त्री असावी आणि आशा स्वयंसेविका असावी. पुढील पद्धती व्यवहार्य वाटते.

१. रुग्णाची संमती आधी घ्यावी. अनेकांना आपला आजार गावास कळावा असे वाटत नाही. त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावरून किंवा ग्रामसभेत कदापि उच्चारू नये. ‘येऊ का?’ असे विचारावे, आणि ‘आज नको’ हे उत्तर मानाने स्वीकारावे.

२. बैठक लहान ठेवावी. औषधोपचार चालू असताना रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साध्या सर्दीचाही त्यास धोका असतो. ज्यास खोकला, ताप किंवा सर्दी आहे त्याने जाऊ नये. अंगणात, मोकळ्या हवेत, तीन-चार जणांनी अर्धा तास गावे. ध्वनिक्षेपक लावू नये.

३. गाणे रुग्णाच्या आवडीचे असावे. वर्धा जिल्ह्यात एकाच गावात भजन, कव्वाली, भीमगीते, भुलाबाईची गाणी आणि चित्रपटगीते सुखाने नांदतात. ज्या घरी जावयाचे त्या घरचे गाणे गावे. बौद्ध कुटुंबात आपल्या सवयीचे भजन लादणे किंवा मुस्लिम वृद्धेस कव्वालीऐवजी दुसरे काही ऐकविणे ही सोबत होणार नाही. मृत्यू आणि संसाराची असारता वर्णन करणारी पदे रुग्णाने स्वतः मागितल्यावाचून गाऊ नयेत.

४. रुग्णास सहभागी करावे. आग्रह मात्र करू नये. तोंडाची किंवा घशाची शस्त्रक्रिया झालेल्याने गावे की नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तोपर्यंत त्याने ठेका धरावा, पदाची निवड करावी, किंवा नुसते ऐकावे.

५. बरे झालेल्या व्यक्तीने आपला अनुभव सांगावा, उपदेश देऊ नये. ‘मी बरा झालो, तुम्हीही व्हाल’ असे वचन देण्याचा अधिकार कोणासही नाही. कारण प्रत्येकाच्या रोगाचा प्रकार आणि अवस्था निराळी असते. ‘माझे केस गेले होते, मग आले’, ‘मला अन्नाची चव लागत नव्हती, तेव्हा मी असे असे खात होतो’ एवढे सांगितले तरी पुरे. कोणतेही औषध, काढा वा पथ्य सुचवू नये.

६. शुश्रूषा करणाऱ्यास विसरू नये. रुग्णाची पत्नी, मुलगी किंवा सून महिनोन्महिने जागरण करते आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. एक बाई रुग्णाजवळ बसली आणि घरची बाई तेवढा वेळ गाण्यात येऊन बसली, तर तेही त्या दिवसाचे मोठे कार्य होय.

उपचार अर्धवट सुटू नयेत

सोबतीची खरी कसोटी उपचाराच्या मध्यावर लागते. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे कित्येकदा सहा-सात आठवडे चालतो. शेतकरी किंवा मजूर कुटुंबास इतका काळ परगावी राहणे जड जाते. पेरणीचे किंवा कापूसवेचणीचे दिवस आले, पैसे संपले, तोंड आले, की ‘आता थोडे बरे वाटते’ असे म्हणून रुग्ण घरी परततो. अर्धवट राहिलेला उपचार रोगास पुन्हा उठण्याची संधी देतो.

भजनाच्या निमित्ताने नियमाने घरी जाणाऱ्या माणसास ही गळती प्रथम दिसते. येथे गाण्याची सोबत थेट प्राणरक्षणाच्या कामी येते. रुग्ण परत का आला, हे त्याने विचारावे. अडचण पैशाची असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, आणि संलग्न रुग्णालयांत मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्र असतात, हे सांगावे. कर्करुग्णांना एसटी आणि रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे मिळवून देण्यास ग्रामपंचायतीने साहाय्य करावे. अडचण शेतीच्या कामाची असल्यास शेजाऱ्यांनी दोन दिवस आपले बैल किंवा हात द्यावेत. जिल्ह्यातच सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. कोणता उपचार कोठे मिळू शकेल, याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत करावी.

शिक्षकांचे कार्यही येथे मोठे आहे. आजारी विद्यार्थी शाळेत परतण्यापूर्वी वर्गातील मुलांना त्याच्या आजाराविषयी सरळ भाषेत सांगावे. तो कोणास लागत नाही हे स्पष्ट करावे. परिपाठाच्या समूहगीतात त्यास त्याची पूर्वीची जागा द्यावी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस कायद्याने मनाई आहे. त्या रेषेच्या आत पानठेला असल्यास पंचायतीने तो हटविण्याची कार्यवाही करावी. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत कर्करुग्णांच्या पाठपुराव्याचा विषय नियमाने घ्यावा, मात्र तेथेही नावांची गुप्तता राखावी.

जेथे उपचार थांबतो

काही रुग्ण बरे होत नाहीत. रोग फार उशिरा हाती लागतो, किंवा उपचारास दाद देत नाही. अशा वेळी गावातील माणसांना वाटते की आता जाऊन काय करावयाचे? म्हणून ज्या दिवसांत रुग्णास सर्वाधिक गरज असते, त्याच दिवसांत त्याचे अंगण ओस पडते.

वेदनाशमनाची औषधे या अवस्थेतही आवश्यक असतात. ती देणारी परिहार सेवा ही वैद्यकाची मान्य शाखा आहे, आणि कुटुंबाने तिची मागणी डॉक्टरांकडे करावी. औषधाने वेदना आटोक्यात आली, म्हणजे मग गाण्यास जागा होते. अशा बैठकीत आवाज आणखी खाली आणावा. एक जण गुणगुणला, एकाने हलकेच ठेका धरला, तरी पुरे. पुष्कळदा रुग्ण काहीच मागत नाही. कोणी तरी उशाशी बसलेले असावे एवढेच त्यास हवे असते. मोझरीच्या त्या मौनाप्रमाणे येथेही गाण्याइतकेच मूल्य शेजारी बसून राहण्यास असते.

समारोप

जामच्या चौरस्त्यावर पिशवी घेऊन बसलेला तो रुग्ण उद्या नागपूरहून परत येईल. त्याचे पुढे काय होईल हे त्याच्या रोगाच्या अवस्थेवर, डॉक्टरांच्या कौशल्यावर आणि उपचाराच्या सातत्यावर अवलंबून आहे. तो घरी आल्यावर त्याच्या ओसरीत कोणी बसेल की नाही, हे मात्र गावावर अवलंबून आहे. त्यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही, शासकीय मंजुरीही लागत नाही. गावात पेटी आहे, टाळ आहेत, खंजिरी आहे. आणि रोगातून उठलेला एखादा माणूसही बहुधा आहे, जो आजवर आपला आजार लपवून मागच्या ओळीत बसत आला.

त्यास पुढे बोलवावे. आपल्या मंडळातील पुडी बाजूस सारावी, आणि त्याच्या हाती खंजिरी द्यावी. पुढच्या रुग्णाच्या घरी कसे जावे, हे तोच आपणास शिकवील.